आकड्यालाही माया सोडा

शिवाजीनगर म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं. पण बंगळूरलाही एक शिवाजीनगर आहे. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, गजबजलेला बसस्टँड आणि चालत गेलं तर लगेच लागणारी कमर्शियल स्ट्रीट. एके काळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या या गावात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. माझे मामा त्यांपैकीच एक. शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आता कात्री दादा चालवतो, म्हणजे माझा मामेभाऊ. पण गळ्यात टेप अडकवून गल्ल्यापाशी बसायची मामांची सवय काही सुटलेली नाही.

गेल्या खेपेला चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हाची ही गोष्ट. वाचकहो, गोष्ट तशी घरगुती आहे, पण ती जाते थेट विमानाच्या धावपट्टीपर्यंत!

त्याचं झालं असं. दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. दादाच्या मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपमधून एक चित्रफीत आली. कुठल्यातरी विमानतळावरच्या सुरक्षा कॅमेऱ्यातली. एक विमान वेगानं येतं, चाकं टेकतात, धूर निघतो आणि ते चौकटीबाहेर निघून जातं. सगळा मामला चार सेकंदांचा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ताशी साडेतीनशे किलोमीटर! पायलट झोपला होता का?'

''बघ, साडेतीनशेनं उतरवलंय! माणसांचे जीव म्हणजे काय खेळ वाटतो यांना?'' दादा तावातावानं म्हणाला.

''पण बाबा, साडेतीनशे कशावरून?'' माझ्या भाचीनं विचारलं. ती नववीत आहे.

''अगं, खाली लिहिलंय ना!''

इतका वेळ गप्प असलेल्या मामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला. ''माप कुणी घेतलं?''

शिंप्याचा प्रश्न. पण मला विचाराल तर, विमान अपघातांचा तपास करणारे अधिकारीही पहिल्यांदा हेच विचारत असतील.

चौदा फेब्रुवारीची दुपार

मामांच्या प्रश्नामागे एक जुनी आठवण होती. १४ फेब्रुवारी १९९०. दुपारी एकच्या सुमाराला मुंबईहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान बंगळूरच्या एचएएल विमानतळावर उतरायला निघालं होतं. एअरबस ए-३२० जातीचं, नवं कोरं विमान. विमानात १४६ माणसं होती. धावपट्टी गाठण्याआधीच ते गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं, पुढे बांधावर आदळलं आणि पेटलं. ९२ माणसं गेली, ५४ वाचली. शिवाजीनगरपासून ही जागा आठ-दहा किलोमीटरवर.

''तेव्हा माझं एक गिऱ्हाईक एचएएलमध्ये नोकरीला होतं,'' मामा सांगू लागले. ''दोन-तीन दिवसांनी दुकानात आले. इकडे बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तीच गोष्ट. एक म्हणे विमान भरधाव आलं, दुसरा म्हणे पायलटला धावपट्टी दिसलीच नाही. ते गृहस्थ ऐकून घेत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, मोजमाप अजून व्हायचंय, तोवर तोंडाला कुलूप बरं.''

मोजमाप झालं ते ब्लॅक बॉक्समुळे. उड्डाणाचा वेग, उंची, इंजिनांची स्थिती यांची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारी ही पेटी. नाव काळं, पण रंग भगभगीत नारिंगी, म्हणजे ढिगाऱ्यात चटकन दिसावी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशी न्यायालयापुढे ही नोंद आली आणि बाजारातली बडबड एकदम उलटी ठरली. विमान भरधाव नव्हतंच. ते गरजेपेक्षा हळू आलं होतं! उतरताना त्याचा वेग १३२ नॉट असायला हवा होता. तो १०६ नॉटपर्यंत घसरला होता. इंजिनं मंद ठेवून उतरायची पद्धत चालूच राहिली, वेग आणि उंची दोन्ही घसरत गेली आणि ते ध्यानात यायला उशीर झाला. मंद इंजिनांना पुन्हा पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद त्या विमानापाशी उरले नव्हते.

नॉट हे विमानाचं आणि जहाजाचं वेगाचं माप. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणजे ताशी २४४ किलोमीटर हवे होते, तिथे ताशी १९६ उरले.

''हळू आलं म्हणून पडलं? रस्त्यावर तर हळू चालवा म्हणतात!'' मामी म्हणाल्या.

मामींचा प्रश्न अगदी रास्त आहे. गाडीला रस्त्याचा आधार असतो, विमानाला फक्त हवेचा. पंखांवरून हवा जितक्या वेगानं वाहते तितकं विमान उचललं जातं आणि हा हिशेब वर्गाचा असतो. वेग १३२ वरून १०६ झाला, म्हणजे घटला एक-पंचमांशानं. पण पंखांचा कोन तोच असेल, तर आधार एक-तृतीयांशाहून जास्त कमी होतो. विमानाचं वजन मात्र तेवढंच! नाक वर उचलून ही तूट थोडी भरून काढता येते, पण त्यालाही मर्यादा असते.

खांब आणि आगगाडी

त्या काळी विमानतळांवर आजच्यासारखे जागोजागी कॅमेरे नव्हते. आज धावपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे आहेत. मामांच्या दुकानाच्या दारावरही आहे. मग कॅमेऱ्यातल्या चित्रावरून वेग काढता येतो का? येतो. आणि त्यासाठी लागणारं गणित आपण सगळ्यांनी शाळेत केलेलं आहे.

''१५० मीटर लांबीची आगगाडी एक खांब १० सेकंदांत ओलांडते, तर तिचा ताशी वेग किती?''

आठवलं? खांबाला जाडी नाही असं धरायचं. इंजिनाचं नाक खांबाशी आलं की घड्याळ चालू, शेवटचा डबा खांब सोडून गेला की घड्याळ बंद. तेवढ्या वेळात गाडी स्वतःच्या लांबीइतकं अंतर गेली. १५० भागिले १०, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. भाचीनं तोंडीच सांगितलं.

मग आम्ही दुकानात गेलो. कॅमेऱ्यासमोर रस्त्यापलीकडे विजेचा खांब आहे. आमचा खांब मिळाला! आगगाडीऐवजी रिक्षा. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्यांना विनंती केली आणि मामांनी गळ्यातला टेप काढून रिक्षाची लांबी मोजली. २ मीटर ६४ सेंटिमीटर. ''सदऱ्याचं माप घ्यायला लोक येतात, आज रिक्षाचं घेतलं!'' मामा खुशीत होते. मग रिक्षा गल्लीतून एकदा नेहमीच्या वेगानं नेली.

कॅमेरा सलग चित्र टिपत नाही. एकामागून एक स्थिर चित्रं टिपतो. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मामांच्या कॅमेऱ्याच्या सेकंदाला १५ फ्रेम. हे आम्ही माहितीपत्रकावर विसंबून धरलं नाही. चित्राच्या कोपऱ्यात वेळ उमटते, तिच्यातला सेकंदाचा आकडा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजलं. बहुतेक वेळा १५ भरल्या.

आता रिक्षाचं नाक खांबाशी आलं तिथपासून मागचा बंपर खांब सोडेपर्यंत फ्रेम मोजल्या. सहा. म्हणजे ०.४ सेकंद. २.६४ भागिले ०.४ म्हणजे सेकंदाला ६.६ मीटर. ताशी जवळजवळ २४ किलोमीटर. रिक्षावाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले पंचवीस असेल. मीटर बघून नव्हे, अंदाजानं. कारण त्यांच्या वेगमापकाचा काटा कित्येक वर्षं शून्यावरून हललेला नाही!

भाचीनं टाळी वाजवली. पण मामा स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत होते. ''नाक नेमकं खांबाशी आलंय असं एकही चित्र नाही गं. यात थोडं अलीकडे आहे, पुढच्यात पलीकडे गेलंय.''

मामांनी बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. दोन फ्रेमच्या मध्ये काय घडलं ते कॅमेऱ्याला माहीत नसतं. म्हणून सहा हा आकडा खरं तर पाच ते सातच्या मधला कुठलाही असू शकतो. पाच धरले तर ताशी साडेअठ्ठावीस किलोमीटर, सात धरले तर ताशी वीसच्या आसपास. म्हणजे खरं उत्तर '२४' नव्हे. खरं उत्तर 'वीस ते साडेअठ्ठावीसच्या दरम्यान'.

तेव्हा मामांनी जे सांगितलं, ते मला कुठल्याही तज्ज्ञाच्या पुस्तकाइतकं मोलाचं वाटतं. ''आम्ही कापड कापताना मापावर कापत नाही. शिवणीत माया सोडतो. अंगात बसलं नाही तर उसवून वाढवता येतं. तुमच्या आकड्यालाही माया सोडायला हवी.''

विमानाला हेच माप लावू

आता रिक्षाच्या जागी विमान घ्या. गणित तेच. विमानाची लांबी ही नेमकी ठाऊक असलेली गोष्ट. ए-३२० साडेसदतीस मीटर, बोइंग ७३७-८०० साडेएकोणचाळीस मीटर. चित्रात एखादा दिव्याचा खांब किंवा इमारतीची कड हवी. विमानाचं नाक त्या कडेशी आल्यापासून शेपूट सुटेपर्यंतचा वेळ मोजायचा. या रीतीचा मोठा फायदा असा, की विमान कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. कारण फूटपट्टी विमानाबरोबरच धावत असते. कॅमेरा मात्र जागचा हलता कामा नये.

बंगळूरच्या विमानाचे आकडे यात घालून बघू. वारा नाही असं धरलं, तर १३२ नॉट वेगाचं ए-३२० एक खांब ०.५५ सेकंदात ओलांडेल. १०६ नॉट वेगाचं ०.६९ सेकंदात. फरक किती? सेकंदाचा सातवा भाग. पापणी लवायलाही एवढा वेळ लागतो! कडेला उभ्या असलेल्या माणसाला हा फरक दिसणं शक्य आहे का? तरीही 'मी डोळ्यांनी पाहिलं, भरधाव होतं' असं छातीठोक सांगणारे निघतातच. ते खोटं बोलत नसतात. माणसाचा डोळा हे त्या कामाचं यंत्रच नव्हे.

आणि कॅमेरा? सेकंदाला २५ फ्रेम टिपणारा असेल, तर पहिल्या वेगाला १४ आणि दुसऱ्या वेगाला १७ फ्रेम भरतील. फरक कळेल. पण सुरक्षेचे पुष्कळ कॅमेरे जागा वाचवण्यासाठी सेकंदाला दहा-पंधरा फ्रेमवरच ठेवलेले असतात. दहावाल्यात पहिल्या वेगाला साडेपाच, दुसऱ्याला सात. समजा, मोजून सहा भरल्या. एका फ्रेमची माया दोन्हीकडे सोडली, तर वेग १०४ ते १४६ नॉटच्या मध्ये कुठेही! सुरक्षित वेग याच्या पोटात आणि जीवघेणा वेगही याच्याच पोटात. अशा चित्रावरून पायलटला दोषी ठरवणं म्हणजे डोळे बांधून कापड कापणं.

मग तपासनीस काय करतात? ते लांब टेप घेतात. धावपट्टीवर आखलेल्या खुणा, कडेचे दिवे यांची जागा नकाशावर नेमकी ठरलेली असते. विमान टेकण्याच्या पट्ट्यात दीडशे दीडशे मीटरवर खुणा असतात. एका खुणेऐवजी तीनशे मीटर अंतरावरच्या दोन खुणा घेतल्या, तर विमानाला तेवढं जायला चार-साडेचार सेकंद लागतात, म्हणजे दहावाल्या कॅमेऱ्यातही चाळीस-पंचेचाळीस फ्रेम. आता एका फ्रेमची चूक शंभरात अडीचच्या आसपास येते. अंतर वाढलं की माया कमी पुरते. मात्र इथेही एक मेख आहे. ही रीत चाकं जमिनीला टेकल्यावरच नीट चालते. विमान हवेत असताना ते ज्या खुणेवर दिसतं, त्या खुणेवर ते नसतं. कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे अलीकडे-पलीकडे असतं. शिवाय टेकल्यावर ब्रेक लागतात, वेग घटत जातो, म्हणून मिळतो तो त्या अंतरातला सरासरी वेग.

अमेरिकेत अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी ही सरकारी संस्था चित्रफितींचा असा अभ्यास करून त्याचे स्वतंत्र अहवाल काढते. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचं बोइंग ७७७ धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्री बांधावर शेपटीनं आदळलं. विमानतळाच्या कॅमेऱ्यांनी तो प्रसंग टिपला होता. विमानात ३०७ माणसं होती, तीन दगावली. वेग हवा होता १३७ नॉट, उतरला होता १०३ वर. बंगळूरचा आकडा आठवतो? तेवीस वर्षांनी, वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या देशातलं विमान, आणि दुखणं तेच. मंद इंजिनं आणि वेगावरून सुटलेली नजर.

होडी आणि प्रवाह

इथवर ऐकल्यावर दादा म्हणाला, ''म्हणजे कॅमेरा चांगला असला, फ्रेम भरपूर असल्या, तर वेग पक्का कळला!''

नाही दादा, अजून एक गणित बाकी आहे. तेही शाळेतलंच. होडी प्रवाहाच्या दिशेनं जाते तेव्हा काठावरून तिचा वेग जास्त दिसतो, उलट दिशेनं जाते तेव्हा कमी. वल्हवणाऱ्याची मेहनत दोन्ही वेळा सारखीच. विमान ही हवेच्या प्रवाहातली होडी. पंखांना कळतो तो हवेतला वेग. कॅमेऱ्याला दिसतो तो काठावरचा, म्हणजे जमिनीवरचा वेग. वारा किती आणि कुठून, हे कळल्याशिवाय एकावरून दुसरा सांगता येत नाही.

याचं सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण आपल्याच देशातलं. ७ ऑगस्ट २०२०. कोरोनाच्या दिवसांत दुबईहून माणसं घेऊन आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ पावसात केरळमधल्या कोळिकोडच्या विमानतळावर उतरलं. टेकडी सपाट करून केलेली धावपट्टी. विमान तिच्यावरून पुढे जाऊन खाली कोसळलं. २१ माणसं गेली. त्यांत दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक दीपक साठे, आपल्या नागपूरचे, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले.

तपास अहवालातले आकडे असे. चाकं टेकली तेव्हा जमिनीवरचा वेग १६५ नॉट, ताशी ३०६ किलोमीटर. नुसता हा आकडा ऐकला तर कुणीही म्हणेल, केवढा हा वेग! पण पाठीमागून १४ नॉटचा वारा होता. म्हणजे हवेच्या हिशेबात विमान १५१ नॉटच्या आसपास होतं. विमानं शक्यतो वाऱ्याला सामोरी उतरतात, ती याचसाठी. तोच वारा समोरून असता, तर जमिनीवरचा वेग १३७ नॉट भरला असता. १६५ आणि १३७. फरक लहान वाटतो, पण ब्रेकांना जी ताकद जिरवावी लागते तीही वर्गानं वाढते. जवळजवळ दीडपट!

आणि एवढ्यावर संपत नाही. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ४,४३८ फुटांवर. म्हणजे निम्मी धावपट्टी टेकण्याआधीच संपली होती. तीही ओली. धावपट्टीच्या टोकाशी वेग अजून साडेचौऱ्याऐंशी नॉट होता.

त्या रात्रीपासून संदेशांचा पूर आला होता. कुणी काय, कुणी काय. अहवाल यायला २०२१ साल उजाडलं. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे आणि यंत्रणेतल्या उणिवांवरही बोट ठेवलं आहे. म्हणजे मोजमापानं कुणाला पाठीशी घातलं नाही. पण एका आकड्यावर सगळा भार टाकलाही नाही. वेग, वारा, पाऊस, टेकण्याची जागा, असं एकेक माप शेजारी ठेवून हिशेब केला. यातली टेकण्याची जागा कॅमेऱ्यात दिसली असती, तर तिच्यावर वेगापेक्षा जास्त विसंबता आलं असतं. चाक कुठल्या खुणेशी टेकलं हे बघायला सेकंद मोजावे लागत नाहीत.

मग कॅमेरा कशाला?

ब्लॅक बॉक्स असताना चित्रफितींची एवढी यातायात का, असं भाचीनं विचारलं. कारण पेटी प्रत्येक वेळी साथ देतेच असं नाही. लहान विमानांत ती पुष्कळदा नसतेच. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियात मुआन इथे जेजू एअरचं विमान चाकं न उघडता, पोटावर घसरत आलं आणि धावपट्टीपुढच्या बांधावर आदळलं. १८१ पैकी १७९ माणसं गेली. त्याच्या दोन्ही पेट्यांची नोंद शेवटची चार मिनिटं सात सेकंद बंद पडलेली निघाली. नेमकी हवी ती मिनिटं! ती घसरण चित्रफितीत मात्र टिपली गेली होती. पेटी मुकी झाली की चित्राला बोलतं करावं लागतं.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला उड्डाणानंतर लगेच विमान कोसळलं, त्या तपासाच्या प्राथमिक अहवालातही विमानतळावरच्या सीसीटीव्हीचा उल्लेख आहे. जमीन सोडताच विमानाच्या पोटाखालचा, वाऱ्यावर फिरणारा आणीबाणीचा पंखा बाहेर आलेला त्यात दिसला. म्हणजे कॅमेरा साक्षीदार म्हणून उत्तम. त्याला जेवढं दिसलं तेवढंच विचारलं तर!

हे सगळं विमानापुरतंच आहे असं समजू नका. उद्या तुमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात एखाद्या पोराची मोटारसायकल दिसेल आणि कुणीतरी म्हणेल, 'ऐंशीनं चालला होता.' तेव्हा हेच प्रश्न विचारा. कॅमेरा सेकंदाला किती चित्रं टिपतो? चित्र मूळ कॅमेऱ्यातलं आहे की फोनवरून फोनवर फिरून आलेलं? फिरता फिरता फ्रेम गळतात, चित्र हळू-जलद केलेलं असतं. मोजायला ठाऊक लांबीची वस्तू कुठली? रात्रीचं चित्र असेल, तर कड पुसट दिसते, मग नाक नेमकं कुठे धरलं? आणि शेवटी, आकड्याला दोन्हीकडे माया किती सोडली? सोडलीच नसेल, तर तो आकडा माप नव्हे, मत आहे.

संध्याकाळी दादानं ती चार सेकंदांची फीत पुन्हा लावली. भाची वही-पेन्सिल घेऊन बसली. चित्रात खांब नव्हता. कॅमेरा विमानाबरोबर हलत होता, बहुधा कुणीतरी टीव्हीच्या पडद्यावरून मोबाइलनं टिपलेलं असावं. कोपऱ्यातली वेळ कापलेली. विमान कुठल्या जातीचं, वारा कुठला, काहीच ठाऊक नाही. बिचारीनं पंधरा मिनिटं खटपट केली आणि वहीत लिहिलं, 'माप निघत नाही.'

''मग ग्रुपवर काय लिहू?'' दादानं विचारलं.

मामा दुकानाचं शटर ओढायला उठले होते. वळून म्हणाले, ''अरे, माप मिळालं नाही की आपण कापडाला कात्री लावतो का? तसंच ठेव. त्या पायलटच्या घरीही कुणीतरी ही फीत बघत असेल.''

दादानं खालचं वाक्य पुसलं आणि फीत पुढे न पाठवता फोन खिशात टाकला. मामांनी गळ्यातला टेप गुंडाळून गल्ल्यात ठेवला. माया म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड आणि माया म्हणजे आपल्या आईच्या जिवात असते तीही. आपल्या भाषेनं या दोन गोष्टींना एकच शब्द ठेवला आहे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच जाणवलं.